आधार कार्ड आणि दोन फोटो

मागच्या मंगळवारी सहावा तास संपवून मैदानावरचे बॉल मोजत होते (दोन कमीच भरले, नेहमीप्रमाणे), तेवढ्यात आमच्या जिल्हा क्रीडा संघटनेच्या सचिवांचा फोन.

"ताई, आधार कार्डाची झेरॉक्स अन् दोन पासपोर्ट फोटो पाठवून द्या ना. तुमचं नाव टाकून राहिलो."

"कशात भाऊ?"

"उपाध्यक्षमधी. आता लेडीज लागते ना. वरून आलं आहे."

लेडीज लागते. फोडणीला कढीपत्ता लागतो, तसं. मी "बरं, बघते" म्हणून फोन ठेवला आणि हरवलेले दोन बॉल शोधायला झुडपात शिरले. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. नागपूर विद्यापीठाची १९९३ची कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. एका अनुदानित शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. मुलं 'पीटीच्या मॅडम' म्हणतात. जिल्हा संघटनेत १९९७पासून आहे. खेळ कोणता ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नागपूर म्हणायला मोठं, पण मैदानावरच्या लोकांसाठी एका मोहल्ल्याएवढं आहे. खेळाचं नाव लिहिलं की पाच मिनिटांत कोणता सचिव आणि कोणता पेट्रोल पंप ते सगळ्यांना कळेल. पेट्रोल पंपाचं पुढे येईलच.

एवढ्या वर्षांत मी काय काय केलं? गुणलेखन, पंचगिरी, मैदान आखणी (फक्कीची पिशवी आणि दोरी घेऊन पहाटे साडेपाचला, कारण मे महिन्यात आठनंतर इथे उभं राहवत नाही), सूत्रसंचालन, आणि सगळ्यात जास्त 'लेडी मॅनेजर'. हे पद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलींचा संघ बाहेरगावी जातो तेव्हा सोबत बाई लागते. प्रशिक्षक पुरुष असतो, तो खेळाचं बघतो. लेडी मॅनेजर स्टेशनवर डोकी मोजते, आयांचे फोन घेते, कुणाची पाळी अचानक आली तर पॅड शोधते, रात्री खोलीला आतून कडी घातली आहे की नाही ते बघते. महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूरला जाताना पूर्ण एक दिवस आणि वर काही तास जातात. तेवढ्या वेळात मी चौदा मुलींची घरं, मैत्रिणी, प्रेमप्रकरणं आणि गुडघे सगळं पाठ करून टाकायची. संघ जिंकला की फोटोत प्रशिक्षक मधोमध, मी कडेला. संघ हरला की संघटनेत विचारणा मात्र मला: "मुली रात्री नीट झोपल्या होत्या ना मॅडम?"

तक्रार नाही, मला ते काम आवडायचं. फक्त एक लक्षात आलं, फार उशिरा आलं. या कामातून पुढे वाट जात नाही. गुणलेखकाचा पंच होतो, पंचाचा सामनाधिकारी, सामनाधिकाऱ्याचा तांत्रिक समितीत शिरकाव होतो, तिथून सहसचिव. लेडी मॅनेजरची मात्र पुढच्या वर्षी पुन्हा लेडी मॅनेजर.

डिसेंबर २०१६मध्ये राज्य स्पर्धा आमच्याकडे होती, मानकापूरच्या क्रीडा संकुलात. सामन्यांचा ड्रॉ मी एकटीने बसवला होता. ज्यांनी कधी बसवला नसेल त्यांना ते काम पत्ते पिसण्याएवढं सोपं वाटतं. मुलं-मुली दोन्ही गट, साखळी आणि मग बाद फेरी, मैदानं तीन, त्यातल्या एकाला दिवे नाहीत, त्यात कोकणातला एक संघ गाडी उशिरा आल्याने सकाळी खेळू शकत नाही. रात्री दोनपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार रंगांची स्केचपेनं घेऊन बसले होते. सकाळी उद्घाटनाला व्यासपीठावर अकरा खुर्च्या. मी तबक धरून. शाल, श्रीफळ, मोमेंटो, पुढचं नाव. शाल, श्रीफळ, मोमेंटो, पुढचं नाव. अकराव्या नारळाला हात भरून आला होता. पाहुणे म्हणाले, वेळापत्रक फार छान बसवलंय, एकही संघ लागोपाठ दोन सामने खेळत नाही. सचिवांनी हसून हात जोडले. "आमची टीमच तशी आहे सर."

मी तिथेच होते, दीड हातावर. तबकात शेवटचा नारळ होता. तेव्हा मला राग आला नव्हता, हे खरं सांगायला हवं. टीम म्हटलं म्हणजे आपणही आलोच, असं वाटलं होतं.

आता पेट्रोल पंप. आमच्या कार्यकारिणीची सभा भरते ती एका पदाधिकाऱ्याच्या पेट्रोल पंपाच्या वरच्या खोलीत, रात्री साडेआठला. कारण दिवसा सगळ्यांचे धंदे. मला २०१४मध्ये 'महिला सदस्य' म्हणून घेतलं आणि पहिल्याच सभेत प्रोसिडिंग बुक पुढ्यात आलं: "तुमचं अक्षर चांगलं आहे ताई." तेव्हापासून इतिवृत्त मीच लिहिते. कोणत्याही संघटनेची विषयपत्रिका उघडून बघा, शेवटचा विषय ठरलेला असतो: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. हिशेबाला मंजुरी, मागचं इतिवृत्त कायम करणे, श्रद्धांजली, अभिनंदनाचा ठराव, हे सगळं होईपर्यंत पावणेदहा होतात. मग कुणीतरी काळजीने म्हणतं, "ताई, तुम्हाला लांब जायचं आहे, निघा तुम्ही. बाकीचं आम्ही पाहून घेतो." मी मानेवाड्याला राहते. गाडी काढून निघते. आणि ऐनवेळचे विषय सुरू होतात.

ते तिथे तरी होत होते का, याची मला आता शंका आहे. एकदा वही दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, त्यात मी गेल्यानंतरचे तीन ठराव दुसऱ्याच्या अक्षरात होते: निवड समितीत बदल, राज्य सभेला जाणारे दोन प्रतिनिधी, आणि बँक खात्यावर सह्या कुणाच्या. मी विचारलं तर सहसचिव मोकळेपणाने म्हणाले, "ते खाली ठरलं हो, मग सावजीला गेलो होतो ना, तिथंच." कटकारस्थान वगैरे काही नव्हतं. खरंच जेवायला गेले होते. एखाद्या माणसाने मला मुद्दाम अडवलं असतं तर मी भांडले असते. पण रस्स्याच्या वाटीवर कुणाशी भांडायचं? आणि रात्री अकराला सात पुरुषांबरोबर मी सावजीत जाऊन बसले असते, तर दुसऱ्या दिवशी मैदानावर चर्चा निवड समितीची झाली नसती.

फेब्रुवारी २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या आयोजन समितीचे प्रमुख योशिरो मोरी म्हणाले होते की बायका जास्त असल्या की बैठका लांबतात. जगभर बोंब झाली, त्यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी सेइको हाशिमोतो आल्या. मी ती बातमी आमच्या ग्रुपवर टाकली होती. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला, आणि लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. आमच्या सभा बाई घरी गेल्यावर लांबतात, हे मोरीसाहेबांना सांगायला हवं होतं.

पद म्हणजे नक्की काय, हेही इथे लिहिते, कारण बाहेरच्यांना वाटतं की ही सगळी हौसेची कामं. अध्यक्ष, उपाध्यक्ष शोभेचे. खरी ताकद सचिवाच्या सहीत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव क्रीडा गुण आहेत. त्यासाठी मुलाच्या हातात जे प्रमाणपत्र लागतं, त्यामागे संघटना असते. क्रीडा खात्याकडे पडताळणीला कागद गेला की संघटनेचं रेकॉर्ड मागतात. ते रेकॉर्ड सचिवाच्या कपाटात. त्यामुळे पालक, शिक्षक, क्लबवाले, सगळे सचिवाच्या दारात. तीच माणसं चार वर्षांनी मतदार असतात.

आणि मतदार कोण? व्यक्ती नाही, क्लब. संलग्न क्लबला एक मत. आमच्या यादीत ३८ क्लब आहेत. त्यातले बरेच मी ओळखते: गल्लीतलं व्यायाम मंडळ, गणेशोत्सव मंडळाची क्रीडा शाखा, कुठे शाळेच्या मागचं मैदान. काही असे, की पत्त्यावर गेलात तर मोबाइल रिचार्जचं दुकान सापडेल. त्यांची संलग्नता फी दरवर्षी कुणीतरी एकगठ्ठा भरतो. या ३८पैकी बाई सचिव असलेले क्लब दोन. दोन्ही शाळेचे.

माझ्या १९९३च्या विद्यापीठ संघाचं उदाहरण घ्या. बारा जणी होतो. त्याच वर्षीच्या मुलांच्या संघातले किमान पाच जण आज कुठल्या ना कुठल्या क्लबचे पदाधिकारी आहेत. खेळणं सुटलं, पण ते महालात, सक्करदऱ्यात, जरीपटक्यात जिथे होते तिथेच राहिले. संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसले, मंडळाचे खजिनदार झाले, मग सचिव. आमच्यातली एक लग्न होऊन भिलाईला गेली, एक यवतमाळला, एक पुण्याला, दोघी नागपुरातच पण सासरच्या मोहल्ल्यात. तिथल्या मंडळाला त्या फक्त 'अमक्याची बायको'. मैदान सोडताना मुलगा मोहल्ला सोडत नाही, मुलगी दोन्ही एकदम सोडते. संघटना उभी आहे ती मोहल्ल्यावर. मग निवडणुकीला उभं राहायला लागणारा क्लब आणायचा कुठून?

डिसेंबर २०२३मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षपदाला अनिता श्योराण उभी होती. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली सुवर्णपदक विजेती. मतं ४७. निकाल ४० विरुद्ध ७, ती हरली. त्या निवडणुकीमागे बरंच काही होतं, त्यात मी इथे जात नाही. पण तो आकडा वाचल्यावर मला आधी आमची यादी आठवली. पदक एकटीचं असतं, मतं संघटनांची असतात.

वर तर बायका पोचल्या आहेत की, असं मला माझे सहकारी शिक्षक सांगतात. पोचल्या आहेत. १९२७ला स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेला डिसेंबर २०२२मध्ये पी. टी. उषा ही पहिली महिला अध्यक्ष मिळाली, तीही बिनविरोध. मार्च २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी झिंबाब्वेची जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेन्ट्री निवडून आली; समितीची स्थापना १८९४ची. दोघी केवढ्या खेळाडू! एवढी उंची असली तर दार उघडतं. पण आमच्या सचिवांनी आयुष्यात जिल्ह्याबाहेर सामना खेळलेला नाही, त्यांना कुणी उंची विचारली नाही. आणि दार उघडल्यावर तरी काय? २०२४मध्ये सीईओच्या नेमणुकीवरून उषाविरुद्ध तिच्याच कार्यकारिणीतले बहुतेक सदस्य उभे होते. कोण बरोबर, कोण चूक, मी सांगू शकत नाही. एवढंच वाटलं, की खुर्ची मिळाली तरी सावजीची टेबलं वेगळीच असतात.

आता कायदा. ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. राष्ट्रीय महासंघाची कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची, त्यात किमान ४ महिला आणि २ नामवंत खेळाडू. हेच आमच्या सचिवांचं 'वरून आलं आहे'. कायदा राष्ट्रीय पातळीचा, पण खालीही तसंच करावं लागणार, या अंदाजाने जिल्ह्याजिल्ह्यांत आधार कार्डं गोळा होऊ लागली आहेत.

मी कोट्याच्या विरोधात नाही. काटोलजवळच्या माझ्या माहेरच्या गावी वहिनी महिला आरक्षणातून सरपंच झाली तेव्हा पहिली अडीच वर्षं शिक्का दादाच्या खिशात असायचा. आम्हीच घरात हसायचो. मग पाण्याच्या टाकीवरून काहीतरी वाजलं, दादा बाहेरगावी, ग्रामसेवक सहीसाठी दारात. वहिनीने कागद वाचायला मागितला. तिथून शिक्का तिच्या कपाटात गेला तो गेलाच. कागद आधी वाचायला मागायचा असतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आरक्षण नसतं तर ग्रामसेवक तिच्या दारात आलाच नसता. म्हणून 'आम्हाला कोटा नको, गुणवत्तेवर घ्या' असं बाणेदारपणे म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगते, की ड्रॉ मी गुणवत्तेवरच बसवला होता.

आता माझ्या स्वतःच्या चुका, कारण सगळं खापर पेट्रोल पंपावर फोडणं बरोबर नाही.

पहिली. २०१८मध्ये सहसचिवपद रिकामं झालं. मला खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, लेकीचं दहावीचं वर्ष आहे, पुढच्या टर्मला बघू. ज्यांनी ते पद घेतलं त्यांची मुलगी माझ्या लेकीच्याच वर्गात, त्याच तुकडीत, दहावीलाच होती. हे मला निकालाच्या दिवशी शाळेत पेढे वाटताना लक्षात आलं. त्यांच्या मुलीला माझ्या लेकीपेक्षा दोन टक्के जास्त होते.

दुसरी जास्त लागते. मागच्या वर्षी एका स्पर्धेसाठी पंचांची यादी माझ्याकडे होती. एक तरुण पोरगी, राज्य पंच परीक्षा पास, शिट्टी अशी खणखणीत की प्रेक्षकसुद्धा थांबतील. तिला सात महिन्यांचं बाळ. मी तिचं नाव घातलं नाही. कशाला तिला त्रास, चार दिवस वर्ध्याला राहावं लागेल. चांगल्या मनाने केलं. यादी लागली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच ऐकू आला.

"मॅडम, मला विचारलं का नाही?"

"अगं, बाळ लहान आहे म्हणून..."

"माझी आई सोबत येणार होती मॅडम. सगळं ठरवून ठेवलं होतं. नाही म्हणायचं असतं तर मीच म्हटलं असतं ना."

मी काहीतरी पुटपुटले. पुढच्या वेळी नक्की, वगैरे. फोन ठेवल्यावर आठवलं, "ताई, तुम्हाला लांब जायचं आहे, निघा तुम्ही" हे म्हणणारा माणूसही चांगल्या मनाचाच आहे. खरंच आहे. माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनला रक्त द्यायला तोच धावत आला होता.

तर परवा मी सचिवांना फोन केला. म्हटलं, भाऊ, आधार पाठवते, फोटो पाठवते. पण उपाध्यक्ष नको, खजिनदार करा. नाहीतर निदान बँकेत सही करणाऱ्यांत माझं नाव टाका. अकरा वर्षं इतिवृत्त लिहिते, पासबुक एकदाही पाहिलेलं नाही.

पलीकडे शांतता. मग, "अवं ताई, कायले त्या झंझटीत पडता? ऑडिट, चेंज रिपोर्ट, धर्मादाय आयुक्ताच्या ऑफिसात चकरा. तुमाले शाळा आहे."

"तुम्हालाही दुकान आहे भाऊ."

"बघू. कमिटीपुढं ठेवतो."

ऐनवेळच्या विषयांत ठेवतील. यावेळी मी निघणार नाही, एवढं ठरवलंय. नवऱ्याला सांगून ठेवलंय की साडेअकरा होतील. तो म्हणाला, "खिचडी लावून ठेवतो." तीस वर्षांत त्याने लावलेली खिचडी खाली लागली नाही असं झालेलं नाही, पण चालेल.

आणि दुसरं एक सुरू केलंय. संस्था नोंदवायला सात जणी लागतात. १९९३च्या संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एरवी त्यात सुप्रभात आणि वजन कमी करायचे काढे येतात. नागपुरात परत आलेल्या किंवा कधी गेलेल्याच नाहीत अशा पाच जणी निघाल्या, मी सहावी. मुलींचाच क्लब, रेशीमबागेच्या बाजूला जागा बघतोय. आमच्या नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीहून विश्वचषक घेऊन आली त्या आठवड्यात या ग्रुपवर जेवढे मेसेज आले तेवढेच यावेळीही आले, फक्त यावेळी 'घटनेचा मसुदा कुणाकडे आहे' असे. या निवडणुकीत आम्हाला मत मिळणार नाही. नोंदणी, मग संलग्नतेचा अर्ज, तो अर्ज कुणाच्या कपाटात किती दिवस बसेल ते मला माहीत आहे. वही मीच लिहिते. पुढच्या निवडणुकीपर्यंत मी सत्तावन्नची असेन.

सातवीसाठी काल त्या पंच पोरीला फोन केला. बाळ आता चालायला लागलंय, मागे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. मी सांगितलं सगळं. म्हटलं, यावेळी विचारतेय.

"आधार कार्ड लागेल ना मॅडम?"

"हो. आणि दोन फोटो."

"पाठवते. पण पद कोणतं?"